बावन्न सालात राहणारे काका

स्टेट कॉलेज नावाच्या गावात खोली शोधत मी त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा काकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मांसाहार करतेस का हेसुद्धा विचारलं नाही. हातातला गवत कापायचा लॉनमोवर बंद केला, घाम पुसला आणि म्हणाले,

"एकोणीसशे बावन्न सालच्या खेळांबद्दल तुला काय माहिती आहे?"

मला अमेरिकेत येऊन आठवडाही झाला नव्हता. वाटलं, इथे खोली देताना असं काहीतरी विचारत असतील. "काहीच नाही," मी म्हटलं. "सॉरी, काका."

"सॉरी कशाला? उत्तम आहे. म्हणजे निकाल फोडणार नाहीस." मग घराकडे वळून हाक मारली, "अगं, हिला काही माहीत नाही. ही चालेल."

आतून काकू बाहेर आल्या. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाल्या, "घाबरू नकोस. एवढंच आहे त्यांचं. बाकी माणूस साधा आहे."

अशी मला ती तळघरातली खोली मिळाली. शेजारच्या खोलीत नागपूरची चैताली आधीपासून राहत होती. रात्री तिने मला सगळं समजावलं. "हे बघ यार, काका बावन्नमध्ये राहतात. म्हणजे राहतात आपल्यासोबतच, पण खेळांच्या बाबतीत यांचं कॅलेंडर बावन्नचं आहे. दर वर्षी तेच वर्ष पहिल्यापासून सुरू होतं. आज जे बावन्न साली झालं, ते यांच्यासाठी आज होतंय. आणि उद्या काय होणार ते कोणालाच माहीत नाही. यांनाही नाही. यांना सगळ्यात जास्त माहीत आहे, म्हणून यांना सगळ्यात जास्त माहीत नाही. समजलं?"

मला समजलं नाही. पण पुढे सवय झाली.

काका राज्याच्या रस्ते खात्यात पुलांचे इंजिनिअर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पुलांबद्दल ते चकार शब्द काढत नसत. गाडीतून एखाद्या पुलावरून जाताना चैताली मुद्दाम विचारायची, "काका, हा तुमचा का?" त्यावर ते म्हणायचे, "उभा आहे ना अजून? मग जाऊ दे."

फेब्रुवारीत एका सकाळी ते बर्फाचं फावडं दारात टेकवून गंभीर चेहऱ्याने आत आले आणि काकूंना म्हणाले, "इंग्लंडचा राजा वारला. मद्रासची मॅच चालू आहे, उद्या खेळ नाही."

"दर वर्षी वारतो मेला," काकू कणीक मळता मळता म्हणाल्या. "बूट बाहेर काढा आधी. चहा घेणार का?"

ही ती मद्रासची कसोटी, जिच्यात भारताने पहिल्यांदा कसोटी सामना जिंकला. पण हे वाक्य त्या घरात मॅच संपेपर्यंत उच्चारायची सोय नव्हती. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला आलेले एक गृहस्थ सोफ्यावर बसता बसताच म्हणाले, "वा, बावन्न का? म्हणजे आपल्या कराडकडच्या पैलवानाचं ब्राँझ." काकांचा चेहरा पडला. "अहो," ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "ऑलिम्पिक जुलैत आहे. तो अजून गाव सोडून निघालासुद्धा नाही, आणि तुम्ही त्याच्या गळ्यात पदक घालताय." त्या गृहस्थांना नंतर कधी त्या सोफ्यावर पाहिल्याचं आठवत नाही.

त्या पैलवानाच्या कुस्तीच्या दिवशी मात्र घरात कोणी काही बोलायचं नाही, असा काकांचाच नियम होता. त्या दिवशी नुसता शिरा असे.

आमच्या गावी, म्हणजे भूमला, माणूस एखाद्या वर्षात अडकला म्हटलं की त्या वर्षी त्याचं कोणी गेलं असेल, काही मोडलं असेल असं धरून चालतात. मीही तेच धरलं होतं. एकदा भीत भीत काकूंना विचारलं. त्या हसतच सुटल्या.

"दुःख कसलं? मत्सर आहे तो. त्यांनाच विचार."

काकांनी जराही आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यांचा जन्म त्रेपन्नच्या जानेवारीतला. वडील, थोरला भाऊ, दोन्ही आत्या, शेजारचे मास्तर, सगळे बावन्नबद्दल बोलायचे. मुंबईला टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा झाली ती वडिलांनी थोरल्याला खांद्यावर घेऊन पाहिली होती. एक जपानी खेळाडू स्पंज लावलेली बॅट घेऊन आला होता. त्या बॅटला आवाजच नव्हता. समोरच्यांना चेंडू कधी लागला ते कळेना, आणि एकेक दिग्गज हरत गेला. वडील जेवताना हे सांगायचे, आणि काका काही विचारायला गेले की सगळे एका सुरात म्हणायचे, "तू नव्हतास रे तेव्हा."

"लहानपणभर ऐकलं," काका म्हणाले. "तू नव्हतास. मद्रासला? तू नव्हतास. लीड्सला शून्यावर चार गेले? तू नव्हतास. मग मी ठरवलं, जे होते त्यांच्यापेक्षा मला जास्त माहीत असेल. आणि झालंच तसं. थोरल्याला शेवटी शेवटी मलाच विचारावं लागायचं."

"हेलसिंकीच्या वेळी होतात की," काकू म्हणाल्या. "सासूबाईंच्या पोटात."

"तोच मुद्दा आहे," काका म्हणाले, अगदी गांभीर्याने. "उपस्थित होतो. जागा वाईट मिळाली."

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय काकांचं पुढचं कळणार नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. आई-वडील सातवीच्या पुढे शिकले नाहीत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत, मग कृषी महाविद्यालयात, आणि तिथून मृदाशास्त्रात पीएचडी करायला इथे आले. जानेवारीत आमची तोंडी परीक्षा असे. चार प्रोफेसर टेबलाशी बसतात, आपण बोर्डासमोर उभं राहायचं, आणि ते काहीही विचारतात. ती पास झालं तरच पुढे संशोधन करता येतं. दोनच संधी. दुसऱ्यांदा नापास झालं की बॅग भरायची.

मी पहिल्यांदा नापास झाले.

उत्तरं येत नव्हती असं नाही. आमच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, पक्कं माहीत असेल तर बोल, नाहीतर गप्प उभी राहा. म्हणजे मनात उत्तर पूर्ण तयार होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, हीच शिस्त आणि हाच मोठ्यांचा मान. मी तेच केलं. त्यांनी विचारलं की मी बोर्डाकडे बघत गप्प उभी राहायचे आणि आत उत्तर जुळवायचे. ते वाट बघायचे. मग पुढचा प्रश्न यायचा. समितीचे अध्यक्ष एक उंच, सडपातळ, वयस्कर प्रोफेसर होते. ते कोटाखालीही पळायचे बूट घालत. शेवटी ते मवाळपणे म्हणाले, "आम्हाला तुझं उत्तर नको होतं. तू विचार कसा करतेस ते ऐकायचं होतं." विचार ऐकू येतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

घरी आले. काकूंनी चेहऱ्यावरून ओळखलं आणि ताट वाढलं. मी सगळं सांगितलं. ऑगस्टमध्ये दुसरी आणि शेवटची संधी आहे, घरी काय सांगू कळत नाही, असंही म्हटलं. काका ऐकत होते. धीर दिला नाही, पाठीवर हात ठेवला नाही. आमटी संपवून म्हणाले, "या रविवारपासून कॉमेंट्रीत तुझंही नाव."

रविवारची कॉमेंट्री ही त्या घराची पद्धत होती. सकाळी काकू पोहे करत. पोहे खायचे तर त्या आठवड्यातला बावन्नचा एक खेळ रेडिओवर सांगतात तसा, टेबलाशी उभं राहून सांगायचा. माहिती काका आदल्या दिवशी तोंडी देत. नियम दोन. निकाल आधी सांगायचा नाही. आणि आत्ता जे दिसतंय तेवढंच बोलायचं, पण बोलायचं थांबायचं नाही. मी अभ्यासाचं कारण सांगून आतापर्यंत हे टाळत आले होते आणि पोहे खाली खोलीत नेऊन खात होते. चैताली मात्र रंगात यायची. चेंडू सीमारेषेकडे जात असला की ती स्वतः स्वयंपाकघरापर्यंत जायची.

माझ्या वाट्याला पहिली आली ती नेमकी मुंबईची टेबल टेनिसची फायनल. मी उभी राहिले. समोर काका, काकू आणि चैताली, एवढीच माणसं. खिडकीबाहेर बर्फ पडत होता, काकूंच्या हातात चमचा तसाच होता, आणि मी गप्प.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "वा. अगदी बरोबर. त्या बॅटचा आवाज नव्हताच."

चैतालीला ठसका लागला. मग मला हसू आलं, आणि हसता हसताच मी पहिलं वाक्य बोलले, "त्याने सर्व्हिस केली आहे."

"केली का?" काका लगेच म्हणाले. "मला ऐकू आली नाही. पुढे?"

त्या दिवशी मी जेमतेम पाच-सहा वाक्यं बोलले असेन. पुढच्या रविवारी जरा जास्त. मार्चमध्ये मी अडखळून थांबले की काका टेबलावर बोटं वाजवत आणि म्हणत, "रेडिओ बंद पडला का गं?" एप्रिलमध्ये त्यांनी इंग्रजीत करायला लावलं. मला इंग्रजी लिहिता येत होतं, बोलताना प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून बघायची खोड होती. काका म्हणाले, "चेंडू हवेत आहे. तू व्याकरण बघेपर्यंत तो खाली येईल."

जूनमध्ये लीड्स आलं. ज्या कसोटीत आपले पहिले चार फलंदाज एकही धाव फळ्यावर लागायच्या आत बाद झाले, ती. शून्यावर चार. मला हे सांगताना फार वाईट वाटायला लागलं. चौथा गेल्यावर माझा आवाज बारीक झाला. मी काकांना विचारलं, "इतकं झाल्यावर पुढचा माणूस कसा गेला असेल हो आत? केवढं धैर्य लागलं असेल."

"धैर्य कसलं," काका म्हणाले. "नियम आहे तो. एक बाहेर आला की दुसऱ्याने आत जायचं. पॅड बांधलेलेच असतात. चल, आला तो. काय दिसतंय?"

मी सांगत राहिले. पाचवाही लवकरच गेला, मग मात्र दोघं उभे राहिले. त्या दिवशी पोहे गार झाले आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

काका माझ्याकडून परीक्षेची तयारी करून घेत होते का? मी नंतर काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "छे गं. त्यांना श्रोता हवा असतो आणि वक्ताही हवा असतो. तुला फायदा झाला तर झाला." मला आजही नक्की सांगता येत नाही. त्यांना कोणी आभार मानलेले अजिबात चालत नसत. आभार मानले की ते विषय बदलत, म्हणजे हॉकीवर जात.

त्या गावात शरद ऋतूत दर काही शनिवारी विद्यापीठाची फुटबॉल मॅच असते आणि गावाची लोकसंख्या एका सकाळीत दुप्पट-तिप्पट होते. सगळे निळे-पांढरे कपडे घालून रस्त्यावर. काका अंगणात खुर्ची टाकून बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना विचारत, "आपण बावन्न साली कसं खेळलो होतो, माहीत आहे?" तरुण पोरं हसून पुढे जात. पण कोणी म्हातारा टोपी मागे सारून थांबलाच, तर काका त्याला आत बोलावून चहा पाजत. त्या दिवसाचा सामना कोणी जिंकला हे त्यांना सोमवारपर्यंत माहीत नसे, आणि सोमवारीही त्याने काही फरक पडत नसे.

जुलैत हेलसिंकीची मॅरेथॉन आली. काकांनी ती मला दिली. चेकोस्लोव्हाकियाच्या एका धावपटूने त्याच आठवड्यात दोन लांब शर्यती जिंकल्या होत्या आणि आता तो मॅरेथॉनलाही उभा राहिला होता. आयुष्यात पहिल्यांदाच. त्याच्या शेजारी पळत होता एक इंग्रज, जगातली सर्वांत वेगवान मॅरेथॉन ज्याच्या नावावर होती तो. बऱ्याच अंतरानंतर या नवख्याने पळता पळता त्यालाच विचारलं, वेग बरा आहे ना? इंग्रजाने त्याला फसवायला म्हणून सांगितलं, कमी आहे. आणि हा खरं मानून पुढे निघून गेला.

मी तिथे थांबले. "काका, हे खरं नसणार. समोरच्यालाच कोण विचारेल?"

"का? त्याला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो शेजारीच होता."

"पण असं विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं."

"येतच नव्हतं की त्याला. पहिलीच वेळ होती." काका चष्मा पुसत म्हणाले. "येत नाही हे लपवायला गेला असता तर दमला असता. रेडिओ बंद पडू देऊ नकोस. कुठे पोचलाय तो?"

ऑगस्टमध्ये मी पुन्हा त्या खोलीत बोर्डासमोर उभी राहिले. सकाळी काकूंनी दहीसाखर दिली होती. काका अंगणात होते. "जाऊन ये," एवढंच म्हणाले आणि लॉनमोवर सुरू केला.

पहिले प्रश्न बरे गेले. मग अध्यक्ष प्रोफेसर उठले आणि त्यांनी बोर्डावर एक आलेख काढला. जमिनीवर पाणी ओतलं तर ते किती वेगाने आत मुरतं त्याचा. "ही कोणती जमीन?"

मला माहीत नव्हतं. गुरुजींची छडी आठवली. आणि तरी तोंडातून शब्द आले, "सुरुवातीला पाणी फार हळू आत जातंय."

मी बोलत राहिले. "आता वेग वाढतोय. हे मला विचित्र दिसतंय. नेहमी उलटं असतं, कोरडी जमीन आधी भराभर पाणी पिते आणि मग मंदावते. ही आधी पाणी नाकारतेय. म्हणजे हिच्यावर काहीतरी आहे, जे पाण्याला आत येऊ देत नाही, आणि थोड्या वेळाने ते हार मानतंय." मग मी प्रोफेसरांकडे वळले आणि जन्मात कुठल्या परीक्षकाला विचारलं नव्हतं ते विचारलं, "मी बरोबर रस्त्याने चाललेय का?"

त्यांच्या भुवया वर गेल्या. "चालत राहा," ते म्हणाले.

"मेणासारखा थर असावा. झाडपाल्याचा. जंगल जळल्यावर वगैरे."

"कोणता पदार्थ?"

"ते मला माहीत नाही."

"ठीक आहे," ते म्हणाले आणि काहीतरी लिहिलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये उभी असताना माझ्या मनात घरचा फोन चालू होता, दोन्ही प्रकारे. दार उघडलं. अध्यक्ष बाहेर आले, हात पुढे केला आणि म्हणाले, "अभिनंदन." मी त्यांचा हात सोडेना, तेव्हा हसून म्हणाले, "जानेवारीत तू माझ्याकडे बघितलंही नव्हतंस. आज मलाच रस्ता विचारलास. मधे झालं काय?"

मी त्यांना काका, पोहे, बावन्न साल आणि ती मॅरेथॉन, असं सगळं एका दमात सांगितलं. त्यांचा चेहरा बदलत गेला. "बावन्न चांगलंच होतं," ते म्हणाले, "पण तुझ्या काकांना कोणी चोपन्नबद्दल सांगितलं नाही का?"

पुढच्या रविवारी ते केळ्याचा ब्रेड घेऊन दारात हजर. पायात तेच बूट. काकूंनी पोहे वाढले. चैतालीने त्यांना नियम समजावले. काकांनी चोपन्न हा आकडा ऐकून जरा खुर्ची मागे घेतली, पण पाहुणा म्हणून चालवून घेतलं. प्रोफेसर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "तर हा इंग्रज विद्यार्थी, जो चार मिनिटांच्या आत एक मैल पळणारा पहिला माणूस ठरला..."

काकूंनी डोळे मिटले. चैतालीने कपाळाला हात लावला.

"बसा," काका इंग्रजीत म्हणाले. "नापास. पुढच्या रविवारी परत या."

माझ्या डिग्रीच्या कागदावर ज्यांची सही लागणार होती ते प्रोफेसर खाली बसले आणि निमूटपणे पोहे खाऊ लागले. पुढच्या रविवारी ते वेळेआधीच आले. या वेळी त्यांनी वाऱ्यापासून सुरुवात केली. शेजारच्या चर्चवरचा झेंडा फडफडत होता, आणि वारा पडला तरच पळायचं असं त्या मुलाने ठरवलं होतं. झेंडा खाली आला. मुलगा ट्रॅकवर आला. काका आधी खिडकीबाहेर बघत होते. मग बशीकडे. शेवटच्या वळणाला त्यांची खुर्ची टेबलाला टेकली होती आणि ते हळूच विचारत होते, "मग? पोचला?"

मी आता ईडन प्रेरी या दुसऱ्या गावी नोकरी करते. मीटिंगमध्ये मला कोणी शांत मुलगी म्हणत नाही. आई-बाबांना डिग्रीच्या समारंभाला आणलं होतं, तेव्हा काकांनी बाबांना दोन तास हॉकी सांगितली आणि बाबा भूमला जाऊन सगळ्यांना सांगत सुटले की अमेरिकेतले लोक फार माहितीचे आहेत.

मागच्या महिन्यात फोन केला तर काकूंनी उचलला. मागून दोन म्हाताऱ्यांचा इंग्रजीतला वाद ऐकू येत होता. मी विचारलं, कशावरून?

"चोपन्नवरून," काकू म्हणाल्या. "बावन्नपासून इथवर यायला यांना सत्तर वर्षं लागली. पण आले बाई."